आय डायग्राम मस्त, पण 80 किलोमीटरनंतर गायब: लेझरचा चर्प मोजायचा कसा?

प्रश्न: आमच्या लॅबमध्ये 1550 नॅनोमीटरचा डीएफबी (एकाच तरंगलांबीचा सेमीकंडक्टर) लेझर आहे, थेट करंटनेच 10 जीबीपीएसला मॉड्युलेट करतोय. रिसीव्हर लगेच जोडला तर आय डायग्राम (सगळे बिट एकावर एक ठेवून काढलेलं चित्र, मधली जागा उघडी दिसली की सिग्नल चांगला) मस्त येतो पण मधे 80 किमी साधी फायबर घातली की आय बंद. पॉवर कमी पडत नाहीये, ॲम्प्लिफायर लावून बघितलाय. सर म्हणतात चर्प मोज. ओएसएवर (ऑप्टिकल स्पेक्ट्रम ॲनालायझरवर) स्पेक्ट्रम फुगलेला दिसतो, त्यावरून आकडा काढला तर चालेल का?
– फोटॉनिक्सची एक विद्यार्थिनी

उत्तर: सरांचा संशय बरोबर आहे. करंट वर-खाली केला की लेझरमधले कॅरिअर (इलेक्ट्रॉन-होल) कमी-जास्त होतात, त्याबरोबर अपवर्तनांक हलतो आणि लेझरची फ्रिक्वेन्सी पण सरकते, हाच चर्प. समजा सरकली 10 गिगाहर्ट्झ, म्हणजे साधारण 0.08 नॅनोमीटर. साध्या फायबरचं डिस्पर्शन (वेगवेगळ्या तरंगलांबींना लागणाऱ्या वेळेतला फरक) 1550 ला दर नॅनोमीटर, दर किलोमीटरमागे 17 पिकोसेकंदांच्या आसपास, तर 80 किमीत झाला 109 पिकोसेकंदांचा फरक, आणि तुमचा एक बिटच 100 पिकोसेकंदांचा! मग आय उघडा राहील कसा? 1310 ला हेच डिस्पर्शन जवळपास शून्य असतं म्हणून तिथे असले स्वस्त लेझर निवांत चालतात.

ओएसएवर मात्र विसंबू नका. तो सरासरी दाखवतो, फ्रिक्वेन्सी किती पसरली ते कळेल पण कधी सरकली ते नाही, आणि तुम्हाला नेमकं तेच हवंय, कारण बिटच्या चढत्या-उतरत्या कडेला येणारा ट्रान्झियंट चर्प वेगळा आणि 1 आणि 0 च्या लेव्हलमध्ये कायम राहणारा ॲडियाबॅटिक वेगळा.

त्यापेक्षा माख-झेंडर इंटरफेरोमीटर घ्या, म्हणजे प्रकाश दोन वाटांनी पाठवून पुन्हा एकत्र करणारं उपकरण. दोन वाटांमधला उशीर 10 पिकोसेकंद ठेवला (फायबरमध्ये जेमतेम 2 मिलिमीटरचा फरक) तर एफएसआर (दोन लागोपाठ फ्रिंजमधलं फ्रिक्वेन्सीचं अंतर) 100 गिगाहर्ट्झ मिळतो, 10-15 गिगाहर्ट्झच्या चर्पला भरपूर. फ्रिंजच्या उताराच्या बरोब्बर मध्यावर लॉक करा, तिथे फ्रिक्वेन्सीतला बदल सरळ पॉवरमध्ये दिसतो. सॅम्पलिंग स्कोपवर एक ट्रेस फ्रिंजच्या चढत्या बाजूवर घ्या, एक उतरत्या बाजूवर, ट्रिगर आणि पॅटर्न तेच ठेवून. बेरीज केली की पॉवर, वजाबाकीला बेरजेने भागलं की फ्रिक्वेन्सीचा साइन, मग आर्कसाइन काढून एफएसआर भागिले 2 पायने गुणलं की झालं.

कागदावर हे सोपं दिसतं, त्रास देतं ते टेंपरेचर. डीएफबी एका डिग्रीला साधारण 0.1 नॅनोमीटर सरकतो, म्हणजे 12 गिगाहर्ट्झच्या वर, तेव्हा दोन ट्रेसच्या मधे लेझर 0.1 डिग्री जरी हलला तरी गिगाहर्ट्झभराची चूक फुकटात मिळते (आणि पोरं ती अभिमानाने रिपोर्टमध्ये चर्प म्हणून छापतात). त्यामुळे लेझरचा टीईसी (टेंपरेचर धरून ठेवणारा कूलर) आणि इंटरफेरोमीटर दोन्ही आधी स्थिरावू द्या, दोन्ही ट्रेस लगोलग घ्या. पोलरायझेशन कंट्रोलर पण लावा. आणखी एक, 0 बिटला पॉवरच इतकी कमी असते की भागाकारात नुसता नॉइज उरतो, तिथले आकडे सरळ टाकून द्या.

प्रश्न: इंटरफेरोमीटर नाही, नेटवर्क ॲनालायझर आणि फायबरचे स्पूल आहेत. जमेल का?
– दुसरे एक वाचक

उत्तर: जमेल की. देवो आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये हीच पद्धत मांडली: फायबरमधून छोट्या सिग्नलचा रिस्पॉन्स घ्यायचा आणि त्यातले डिप (रिस्पॉन्स एकदम खाली पडतो त्या फ्रिक्वेन्सी) शोधायचे. अल्फा (चर्प किती ते सांगणारा आकडा) शून्य असेल तर 80 किमीला पहिला डिप 6.8 गिगाहर्ट्झच्या आसपास, अल्फा पॉझिटिव्ह असला की तो खाली येतो, अल्फा 3 असेल तर जवळपास 3 गिगाहर्ट्झवर. पण थेट मॉड्युलेट केलेल्या लेझरमध्ये ॲडियाबॅटिक चर्प खालचे डिप बिघडवतो, म्हणून पहिल्या डिपवरून अल्फा काढू नका, वरचे तीन-चार घ्या, फ्रिक्वेन्सीचा वर्ग डिपच्या नंबरसमोर मांडा, सरळ रेषेच्या उतारातून डिस्पर्शन आणि छेदातून अल्फा मिळेल. यातून बिटागणिक चर्प कसा हलतो ते मात्र कळणार नाही, त्याला इंटरफेरोमीटरच लागतो.