फुकट सॉफ्टवेअरचा खर्च कुठे लपतो?

या वेळची बहुतेक पत्रं ओपन सोर्स ईआरपीबद्दलच आली आहेत. ईआरपी म्हणजे हिशेब, स्टॉक, खरेदी आणि ऑर्डरी एकाच ठिकाणी सांभाळणारं सॉफ्टवेअर, आणि ओपन सोर्स म्हणजे ज्याचा मूळ कोड सगळ्यांना पाहायला आणि बदलायला खुला असतो ते. बाकीची पुढच्या अंकात घेईन. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, आमचा पंपांचे सुटे भाग बनवण्याचा छोटा कारखाना आहे. हिशेब एका जुन्या पॅकेजमध्ये, स्टॉक एक्सेलमध्ये आणि ऑर्डरी फोनवर, असा आमचा कारभार. पुतण्या म्हणतो, ईआरपीनेक्स्ट नाहीतर ओडू टाकू, ओपन सोर्स आहे, एक पैसा लागणार नाही. त्याचं म्हणणं पटतं, पण धाकधूकही वाटते. खर्च नक्की येतो कुठे?

उत्तर : पुतण्याचं निम्मं बरोबर आहे. परवान्याचे पैसे खरंच लागत नाहीत. पण ईआरपीच्या एकूण खर्चात परवाना हा एक भाग असतो, आणि बरेचदा तो सर्वांत मोठा नसतोच. उरलेला खर्च ओपन सोर्समध्येही जिथल्या तिथे राहतो. फरक इतकाच की त्याचं कोटेशन कुणी देत नाही, त्यामुळे तो कागदावर दिसत नाही.

आधी एक गोष्ट तपासा. ‘ओडू’ म्हणताना पुतण्याच्या मनात कोणती आवृत्ती आहे? २०१५ च्या नवव्या आवृत्तीपासून ओडूचे दोन भाग झाले आहेत. कम्युनिटी मोफत आहे, एंटरप्राइझला वर्गणी लागते. प्रात्यक्षिकात जे दिसतं ते पुष्कळदा एंटरप्राइझ असतं. कम्युनिटीत बिलं निघतात, पैसे आल्याची नोंद होते, पण संपूर्ण हिशेबाचं ॲप एंटरप्राइझमध्ये आहे. तुमचा हिशेबनीस ताळेबंद मागेल त्या दिवशी हे कळलं तर फार उशीर झालेला असेल. ईआरपीनेक्स्टमध्ये अशी विभागणी नाही, हिशेब आतच आहे. म्हणून दोन्ही एकाच मापाने मोजू नका.

आता खऱ्या खर्चाकडे वळू. तुमच्या स्टोअरमधली एक्सेल फाइल उघडा आणि एकच बोल्ट शोधा. ‘बोल्ट एम ८’, ‘एम८ बोल्ट’, ‘८ एमएम बोल्ट ४०’, ‘बोल्ट ८ × ४० (नवा)’ अशी त्याची चार-पाच नावं सापडतील. खरेदी किलोत होते, कारखान्यात नगाने दिला जातो, आणि एक किलोत किती नग हे फक्त स्टोअरकीपरला तोंडपाठ असतं. ईआरपीला हे चालत नाही. तिथे एक वस्तू, एक कोड, एक मूळ एकक आणि त्याचं रूपांतर ठरवूनच द्यावं लागतं. सगळ्या वस्तूंची ही साफसफाई कोण करणार? बाहेरचा माणूस करू शकत नाही, कारण ‘नवा’ म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसतं. म्हणजे तुमचा स्टोअरकीपर करणार, आणि तो ते करत असताना त्याचं रोजचं काम दुसऱ्या कुणालातरी सांभाळावं लागणार. हा पहिला मोठा खर्च. तो पगाराच्या रकमेत मुरून जातो, म्हणून कुणी मोजत नाही.

त्यात चूक राहिली तर पुढे काय होतं तेही सांगते. एका ग्राहकाकडे मी हे जवळून पाहिलं आहे. रूपांतराचा आकडा चुकीचा भरला गेला होता. माल येत-जात राहिला, उणे स्टॉकला, म्हणजे शिल्लक नसलेला माल दिल्याची नोंद करायलाही, परवानगी देऊन ठेवली होती, त्यामुळे कुणी अडलं नाही. चूक उघड झाली तेव्हा मागच्या तारखेची दुरुस्ती टाकली. मागच्या तारखेला नोंद बदलली की त्यानंतरच्या प्रत्येक व्यवहाराचं मूल्य नव्याने काढावं लागतं, ते हिशेबाच्या नोंदीपर्यंत पोचतं, आणि मालकाने बँकेला आधीच दिलेला नफ्याचा आकडा बदलतो. यात सॉफ्टवेअरने काहीही चुकीचं केलं नव्हतं. त्याला जे सांगितलं, तेच त्याने केलं होतं. उणे स्टॉकची ती खूण पहिल्या दिवसापासून बंद ठेवा. लोक कुरकुर करतील, करू द्या.

दुसरा खर्च दुहेरी कामाचा. काही काळ जुनं आणि नवं दोन्ही चालवून महिनाअखेरचे आकडे जुळवावे लागतात. या काळात लोक चिडतात आणि एक्सेलकडे पळतात. मालकच ‘तात्पुरतं एक्सेलमध्ये दे’ म्हणाला, तर सगळं तिथेच संपतं.

बाकी सर्व्हरचं भाडं, ईमेलची सोय, प्रिंटचे नमुने, प्रशिक्षण हे सगळं आहे, पण ते कुणीही सांगेल. मला विचारायचं आहे ते वेगळंच. पुतण्या दोन वर्षांनी दुसऱ्या नोकरीला गेला तर सर्व्हरचा पासवर्ड कुणाकडे असेल? तुमच्या कारखान्यात या कामाची जबाबदारी नावानिशी आणि पगारासकट कुणाकडे देता येईल? ते नाव सुचत नसेल तर बाहेरच्या कुणाशी वार्षिक करार करा. त्याचा आकडा परवान्याच्या आकड्याशेजारी मांडा आणि मगच पुतण्याशी बोला. मी स्वतः ओपन सोर्सच्या बाजूची आहे, आकडा मांडल्यावरही तुम्ही ते निवडाल असा माझा अंदाज आहे. पण तेव्हा ते ‘फुकट’ म्हणून निवडलेलं नसेल.

प्रश्न : आमच्याकडे ओडू कम्युनिटी अनेक वर्षं चालू आहे. ज्यांनी बसवून दिलं त्यांनी आमच्या मागणीप्रमाणे भरपूर बदल करून दिले. आता ते हे काम करत नाहीत. नवा माणूस म्हणतो, नव्या आवृत्तीवर जायचं तर जवळजवळ नव्याने बांधावं लागेल. तो फसवतोय का?

उत्तर : बहुधा नाही. मात्र त्याने तुम्हाला यादी दाखवायला हवी.

ओडूची मोठी आवृत्ती साधारण दरवर्षी येते आणि प्रत्येकीला तीन वर्षं आधार मिळतो. वर्गणीदारांना आवृत्ती बदलून देण्याची सेवा कंपनीच देते. कम्युनिटीवाल्यांसाठी ओडू कम्युनिटी असोसिएशनचा ओपनअपग्रेड हा प्रकल्प आहे. काम चांगलं आहे, पण ते एकेक आवृत्ती चढत जातं. तुम्ही पाच आवृत्त्या मागे असाल तर पाच पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर तपासणी. शिवाय तुमच्यासाठी खास लिहिलेली मॉड्यूल्स, म्हणजे जोडलेले कोडचे स्वतंत्र भाग, त्यात येत नाहीत, ती कुणीतरी हाताने बदलायची. तुमची आवृत्ती दहावी किंवा त्याआधीची असेल तर आणखी एक डोंगर आहे. २०१७ च्या अकराव्या आवृत्तीत ओडू पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची आवृत्ती २ सोडून आवृत्ती ३ वर गेलं. तेव्हाचा खास कोड आज आहे तसा धावणार नाही.

नव्या माणसाला एकच काम सांगा. मूळ ओडूचा त्याच आवृत्तीचा कोड आणि तुमच्या सर्व्हरवरचा कोड यांतला फरक काढून दे म्हणावं. वेगळ्या मॉड्यूलमध्ये केलेले बदल एका बाजूला, थेट मूळ फाइलीत घुसून केलेले दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या रकान्यातलेच तुम्हाला रडवणार आहेत. ईआरपीनेक्स्टवाल्यांनाही हेच लागू आहे. कस्टम फील्ड, फॉर्ममधले बदल, वेगळं ॲप, हे सगळं अपडेटमध्ये टिकण्यासाठीच बनवलेलं आहे. मूळ ॲपच्या फाइली हाताने बदलल्या असतील तर अपडेटची आज्ञा तिथेच थांबते. ‘रीसेट’ लावून जबरदस्तीने चालवली तर अपडेट होतं, आणि तुमचे बदल पुसले जातात.

मग ती यादी घेऊन वापरणाऱ्यांजवळ बसा आणि प्रत्येक बदलापुढे विचारा, हा आज कोण वापरतं? ‘साहेबांना हवा होता’ असं उत्तर आलं आणि ते साहेब निवृत्त झालेले असले, तर तो बदल यादीतून काढा. माझ्या पाहण्यात अशी यादी बसल्या जागी खूप आखडते. जो बदल उरेल, तो नव्या आवृत्तीत मुळातच आला आहे का हे बघा. मगच नव्याने बांधायचा खर्च विचारा. या वेळी करारात लिहून घ्या की कोडची प्रत तुमच्या खात्यात राहील आणि मूळ फाइलींना हात लागणार नाही.

प्रश्न : आमचे संचालक म्हणतात, ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना दिसतो, म्हणजे चोरांनाही दिसतो. डेटा गेला तर जबाबदार कोण? आम्ही रोज रात्री बॅकअप घेतो, तेवढं पुरेसं आहे ना?

उत्तर : जबाबदार तुम्हीच. जीपीएल या ओपन सोर्स परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीचं पंधरावं आणि सोळावं कलम वाचून दाखवा संचालकांना. सॉफ्टवेअर ‘आहे तसं’ दिलेलं आहे, हमी नाही, नुकसानभरपाई नाही. अर्थात पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या करारातही भरपाईवर मर्यादा घातलेल्या असतातच, ते कुणी वाचत नाही एवढंच.

कोड दिसतो या भीतीत मला फारसा दम वाटत नाही. दुरुस्ती निघूनही ती बसवलेली नसणं, ही खरी भीती. अपाचे ऑफबिझ या ओपन सोर्स ईआरपीत डिसेंबर २०२३ मध्ये लॉगिन चुकवून आत शिरता येईल अशी खोट जाहीर झाली. आधीच्या एका खोटीवर काढलेली दुरुस्ती अपुरी पडली होती, म्हणून त्याच महिन्यात पुन्हा नवी काढावी लागली. एका महिन्यात दोनदा अपडेट. तुमच्याकडे या सूचना कुणाच्या ईमेलवर येतात? येतात तरी का?

घरचं दार आधी तपासा. ओडू असेल तर पत्त्यापुढे ‘/web/database/manager’ हा मार्ग लिहून डेटाबेस सांभाळण्याचं पान बाहेरून उघडतं का ते पाहा. त्या पानावरून सबंध डेटाबेस उतरवता येतो, पुसताही येतो. त्याचा मास्टर पासवर्ड बसवताना बदलला नसेल तर तो ‘ॲडमिन’ असू शकतो. हे आज दुपारीच करा.

आता बॅकअप. रोज रात्री घेता ते ठीक, पण काय काय घेता? ओडूमध्ये जोडलेली कागदपत्रं, फोटो, पीडीएफ ही सहसा डेटाबेसमध्ये नसतात, फाइलस्टोअर नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. नुसता डेटाबेस उतरवून ठेवलात तर परत आणल्यावर व्यवहार सगळे दिसतील, पण त्यांना जोडलेलं एकही बिल उघडणार नाही. ईआरपीनेक्स्टमध्ये बॅकअपची साधी आज्ञा फाइली घेत नाही, ‘विथ फाइल्स’ हा पर्याय सांगावा लागतो. तिथली आणखी एक खोच म्हणजे साइट कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमधली एन्क्रिप्शन की, म्हणजे साठवलेली गुप्त माहिती उलगडणारी किल्ली. ती हरवली तर डेटा परत येतो, पण साठवलेले ईमेलचे पासवर्ड आणि बाहेरच्या सेवांच्या किल्ल्या वाचता येत नाहीत. एकेक नव्याने भरत बसावं लागतं. ती की वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा.

हे फक्त छोट्यांचंच होतं असं संचालकांना वाटत असेल तर गिटलॅब या कोड सांभाळण्याची सेवा देणाऱ्या कंपनीचं उदाहरण द्या. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. मग बॅकअप पाहिले, तर नेहमीचा बॅकअप, बॅकअपच्या प्रोग्रॅमची आणि डेटाबेसची आवृत्ती न जुळल्यामुळे, कधीचा निकामी ठरत होता. तो निकामी होतोय हे सांगणाऱ्या ईमेलही पोचत नव्हत्या, कारण त्या वाटेतच नाकारल्या जात होत्या. एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी प्रत घेऊन ठेवली होती, तिच्यावर निभावलं. कंपनीने हे सगळं स्वतःच उघडपणे लिहून ठेवलं आहे, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

तेव्हा दर तिमाहीला एका रिकाम्या सर्व्हरवर बॅकअप उभा करा. हिशेबनिसाला तिथे लॉगिन करून कुठलंही एक जुनं बिल जोडलेल्या पीडीएफसकट उघडायला सांगा. उघडलं तर तुमच्याकडे बॅकअप आहे.

प्रश्न : ज्या कंपनीचं ओपन सोर्स घेतलं तीच पुढे मागे फिरली तर?

उत्तर : फिरतात. ग्राहकांच्या नोंदी सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या शुगरसीआरएमने २०१४ मध्ये जाहीर केलं की मोफत आवृत्ती यापुढे नवी निघणार नाही. पण त्याआधीच, २०१३ मध्ये, त्याच कोडवरून सुइटसीआरएम वेगळं झालं होतं, ते आजही चालू आहे. कंपिएरे या ओपन सोर्स ईआरपीच्या कारभारावर नाराज झालेल्यांनी २००६ मध्ये ॲडेम्पिएरे काढलं, त्यातून पुढे आयडेम्पिएरे निघालं. म्हणजे कोड सहसा मरत नाही. वापरणाऱ्यांना मात्र कुठल्या फांदीवर बसायचं ते ठरवावं लागतं आणि स्थलांतराचा खर्च पुन्हा करावा लागतो. निवड करताना शेवटची आवृत्ती कधी आली, आणि मूळ कंपनीबाहेरचे किती लोक कोडमध्ये भर घालतात, एवढं तरी बघा.

प्रश्न : आम्ही ईआरपीनेक्स्टमध्ये स्वतःचे बदल केले आहेत. ते जगजाहीर करावे लागतील का?

उत्तर : तुमच्याच कार्यालयात वापरत असाल तर नाही. ईआरपीनेक्स्ट जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे. बदललेली प्रत दुसऱ्याला दिलीत की त्याला कोडही द्यावा लागतो, तोही त्याच परवान्याखाली. एजीपीएल या जीपीएलच्या भावंड परवान्याचं गणित वेगळं आहे. सुइटसीआरएम त्याखाली येतं. बदललेली प्रत बाहेरच्या लोकांना नेटवरून वापरायला दिली तरी त्या वापरणाऱ्यांना कोड मागण्याचा हक्क मिळतो. ग्राहकांसाठी पोर्टल उघडायचा विचार असेल तर आधी परवान्याचं नाव बघा आणि वकिलाला दाखवा.