आई-बाबा साठीच्या पुढचे आहेत. जपानमधलं ४६२ पायऱ्यांचं दोआइ स्टेशन टोकियोहून एका दिवसात दाखवून आणता येईल का? त्यांना झेपेल का?

येईल. शिंकान्सेनने ताकासाकी, तिथून जोएत्सु लाइनने मिनाकामी, मग गाडी बदलून नागाओकाच्या दिशेने दुसरं स्टेशन. मिनाकामीच्या पुढे दिवसभरात मोजक्याच गाड्या आहेत, वेळापत्रक बघूनच निघा.

राहिलं 'झेपेल का'. हा प्रश्न आमच्या घरात दादा विचारतो, आणि उत्तरही तोच देतो. आई ६७ वर्षांची. दुसऱ्या मजल्यावरच्या भिशीलाही तो तिला जाऊ देत नाही. ती माझ्याकडे आली तेव्हा पुण्याहून फोनवर मला बजावलं, "बागा-बिगा दाखव, गुडघे आहेत तिचे."

मी तिला दोआइला नेलं.

नागाओकाकडे जाणारी गाडी १९६७ साली झालेल्या नव्या शिमिझु बोगद्यात, जमिनीखाली थांबते. आम्ही उतरलो, गाडी गेली, आणि पाणी ठिबकण्याशिवाय आवाज नाही. ऑगस्ट महिना, तरी मी हाफ पँटीत कुडकुडत होतो. आईने पिशवीतून शाल काढली, अर्थात स्वतःसाठी. पायऱ्यांचा आकडा पाटीवर आहेच, तो वाचून दाखवल्यावर म्हणाली, "म्हणजे चार-साडेचार पर्वती." पदर खोचला आणि निघाली.

दर पाच पायऱ्यांनी सपाट टप्पा येतो, त्यामुळे वाटतं तितकं अंगावर येत नाही. पायऱ्यांच्या कडेला सरकत्या जिन्यासाठी सोडलेली रिकामी जागा आहे, जिना काही आला नाही. तेव्हा रेल्वे सरकारी होती म्हटल्यावर आई म्हणाली, "मग बरोबर." तीनशेच्या आसपास मला धाप लागली. ती वरच्या बाकावर राजगिऱ्याचा लाडू खात बसली होती. वर पोचल्यावर तिची मोजणी ४६० भरली. दोन पायऱ्या माझ्या बडबडीमुळे चुकल्या म्हणे. पुढे लांब बोळ आणि आणखी २४ पायऱ्या निघाल्या, तेव्हा मात्र रागावली, "हे आधी सांगायचं नाही?"

तेव्हा काय झेपतं ते आई-बाबांनाच विचारा. पुण्यात बसून गुडघ्यांचा निकाल देणाऱ्यांना नको.

हां, स्टेशनात लिफ्ट नाही, कर्मचारीही नाही. हृदयाचा त्रास असेल किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर हा हट्ट करू नका. मिनाकामीहून बस थेट स्टेशनच्या दारात येते, जिना वरून बघायचा. परतीची मिनाकामीकडची गाडी वर उघड्यावरच्या फलाटावर लागते, त्यामुळे पुन्हा खाली उतरावं लागत नाही.

आणि खरं सांगायचं तर पुढचे दोन दिवस आई गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी लावून बसली होती. हे दादाला सांगितलेलं नाही. तो इथे येत नाही म्हणून लिहितोय.