चर्चमध्ये पडद्यामागची सेवा करणाऱ्याचं कुणी नावही घेत नसेल, तर नम्रपणे गप्प राहावं का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन स्पीकर लावता, खुर्च्या मांडता, शेवटी वायरी गुंडाळता. नाताळनंतरच्या आभारप्रदर्शनात गायन मंडळातल्या एकेकाचं नाव घेतलं, तुमचं राहिलं. आता पंचांशी, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्यांशी, बोलावं की ख्रिस्ती नम्रता म्हणून गिळावं?

बोला. झालं उत्तर. पुढचं मी माझ्यासाठी लिहितोय.

मी प्रभुभोजनाचे पेले धुतो, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात त्या विधीचे. अकरा वर्षं झाली. त्याआधी आई धुवायची, मी शब्बाथ शाळेत वचनं पाठ करत होतो तेव्हापासून. आमचं जुनं मराठी चर्च. निम्मी मंडळी आता कल्याण-बदलापूरला राहायला गेली, पण मेगाब्लॉक असला तरी गाड्या बदलत इथंच येतात. पहिल्या रविवारी प्रभुभोजन. चार ट्रे, एकेकात ४० पेले, म्हणजे १६० अंगठ्याएवढे काचेचे पेले.

आई एका शुक्रवारी मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शनिवारी संध्याकाळी पाळकसाहेबांचा फोन आला. आधी प्रार्थना केली, तब्येत विचारली, आणि मग जरा चाचरत म्हणाले, "कपाटाची किल्ली कुठे असते?" किल्लीच काय, कुणालाच काही माहीत नव्हतं. एका पंचांना वाटत होतं की द्राक्षारस बाटलीत तयार येतो. इतकी वर्षं तो आमच्या गॅसवर उकळत होता.

हॉस्पिटलात आई म्हणाली, "लिहून घे." काळ्या मनुका अर्धा किलो, कोमट पाण्यात भिजवायच्या, उकळून कुस्करायच्या, मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळायच्या. साखर नाही. पेल्यांना वासाचा साबण लावायचा नाही, गरम पाणी आणि खायचा सोडा. भाकरीसाठी स्लाइसच्या कडा काढायच्या, पण त्या टाकायच्या नाहीत, वॉचमनच्या कुत्र्याला द्यायच्या. उरलेला रस मोरीत ओतायचा नाही, तुळशीवृंदावनासारखी ती मोठी कुंडी आहे ना गेटजवळ, तिच्यात. (तुळशीवृंदावन हा तिचाच शब्द. आजी नगरकडची, घरातल्या जुन्या उपमा काही बाप्तिस्म्याने गेल्या नाहीत.) भरायला छोटी किटली वापरायची आणि काठापासून नखभर खाली थांबायचं.

हे शेवटचं मी ऐकलं नाही. वाटलं, कंजुषी कशाला, काठोकाठ भरू. रविवारी ट्रे हातोहात फिरले. तिसऱ्या बाकावरच्या आजोबांनी पेला उचलला आणि निम्मा रस त्यांच्या पांढऱ्या शर्टावर. ते इतके ओशाळले की उपासना संपेपर्यंत छातीवर गीतांचं पुस्तक धरून बसले. संध्याकाळी आईला सांगितलं तर म्हणाली, "त्यांचा हात थरथरतो. पाटलीणबाईंचाही. म्हणून नखभर खाली." ती कायम मागच्या दाराजवळ बसायची. तिथून तिला सगळ्या मंडळीचे हात माहीत होते.

आता जे खुपतंय ते. पुढे चर्चच्या वर्धापनाची स्मरणिका निघाली. १८१३ साली अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले तिथपासून सुरुवात, मग सगळे पाळक सालवार, देणगीदार रकमेसकट, पंच कोट घालून. पेले धुणारीचा उल्लेख नाही, घंटा वाजवणाऱ्याचाही नाही. आई म्हणाली, "छान झालीय." पण चष्मा लावून तिने ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दोनदा चाळली. मी समोरच बसलो होतो. ती काय शोधत होती ते मला कळलं, आणि मला कळलंय हे तिला कळलं.

मी पंचकमिटीत विषय काढला तर आमचे दाजी, जे स्वतः पंच आहेत, म्हणाले, "उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये." वर बायबलातल्या प्रेषितांची कृत्येमधला सहावा अध्यायही ऐकवला: वचनाची सेवा सोडून पंक्तीची सेवा करणं प्रेषितांना ठीक वाटलं नाही. म्हणजे वचन मोठं, पेले धुणं बारकं काम. तेव्हा मला बोलायला सुचलं नाही, आता बोलतो. दाजी, अध्याय सगळा वाचा. विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातंय ही तक्रार कुणीतरी मोठ्याने केली, म्हणून ती सोय झाली. आणि पंक्तीच्या सेवेला कुणालाही उभं केलं नाही. आत्म्याने पूर्ण, नावाजलेले सात जण निवडले, त्यांच्यावर हात ठेवले, सातही जणांची नावं लिहून ठेवली. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन त्यातलाच. रोमकरांस पत्रात पौल मंडळीची सेविका फिबी हिचं नाव घेतो, आणि लेखणी धरणारा तर्तिय तर स्वतःच मध्ये येऊन सलाम सांगतो. त्याला कुणी गर्विष्ठ म्हटलं नाही. डाव्या हाताला कळू नये, हे उजव्या हाताला सांगितलंय. पंचकमिटीला नाही.

आईचंही चुकलंच, हेही सांगायला हवं. ती कुणाला पेल्यांना हात लावू द्यायची नाही. महिला मंडळाच्या दोघी मदतीला आल्या होत्या, तर "तुम्ही फोडाल" म्हणून परत पाठवलं. न दिसणाऱ्या कामाचीही गादी होते. तुमच्या साउंड मिक्सरची कुठली बटणं कशाची हे दुसऱ्या कुणाला माहीत आहे का? नसेल तर तुमच्यातही थोडी माझी आई आहे. तरुण संघातल्या एखाद्या पोराला शेजारी बसवा. मग पंचांकडे जा, आणि मानासाठी आलोय असं वाटत असेल तर वाटू द्या.

हे सगळं आमच्यासारख्या प्रोटेस्टंट मंडळीचं. वसई-वांद्र्याच्या कॅथलिक चर्चमध्ये वेदीच्या भांड्यांचे नियम वेगळे, त्यातलं मी बोलणार नाही. आणि तुमचे पाळक कदाचित नुसते विसरले असतील. आमच्याकडचं विसरणं होतं की नाही, हे मी दाजींना अजून विचारलेलं नाही.

दाजी हे वाचतात, म्हणून: किल्ली वेस्ट्रीतल्या (पाळकसाहेबांच्या तयारीच्या खोलीतल्या) उजव्या कपाटावर, चहाच्या जुन्या डब्यात. पुढच्या पहिल्या रविवारी माझी ड्युटी आहे, मी येणार नाही. मनुका शनिवारी सकाळीच भिजवा. नळाला पाणी साडेपाचला येतं, सहाला जातं.