आधी नोंद, मग नाव

प्रिय मुली,

भाऊच्या धक्क्यावरून तू पाठवलेला फोटो पाहिला. जूनचा पाऊस, त्यात एक काळपट पक्षी, आणि तिघांनी सांगितलेली तीन नावं: ब्राऊन नॉडी, लेसर नॉडी, ज्युवेनाइल म्हणजे अजून पूर्ण न वाढलेला सूटी टर्न; तिन्ही समुद्रपक्षी. खरं कोणाचं, असं विचारतेस. तू काय पाहिलंस ते आधी सांग.

फोटो बाजूला ठेव. चोच आणि डोळा यांच्यामधला भाग कसा होता? ब्राऊन नॉडीचा तो भाग गडद, फिकट कपाळापासून ठळक तुटलेला. लेसर नॉडीचा फिकटपणा तिथपर्यंत उतरतो, चोचही बारीक. पाठीवर पांढुरके ठिपके आणि शेपटी दुभंगलेली असेल, तर सूटी टर्न. पक्षी बराच वेळ समोर होता म्हणतेस. मग एवढं वहीत का नाही? आधी नोंद, मग नाव. एकदा नाव कानावर पडलं की डोळे तेवढंच शोधतात. वही न्यायची आणि पेन्सिलच न्यायची, पावसात शाई फुटते.

रागावलो नाही गं. अशा पावसात तू धक्क्यावर उभी राहिलीस, याचं मला फार अप्रूप आहे.

पण नॉडी कधीतरी दिसणार. कुरव, म्हणजे गल, हिवाळाभर आहेत. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमागे गाठ्यांसाठी झेपावतात, हाताच्या अंतरावर येतात. तेव्हा तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा, दोघांचीही डोकी पांढरी झालेली असतात, कानामागे डाग तेवढा उरतो. प्रौढ पक्ष्याच्या पंखाचं टोक बघ: तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके, काळ्या डोक्याच्या पंखाची पुढची कड पांढरी. डोळाही बघ, पहिल्याचा फिकट, दुसऱ्याचा गडद. हे अख्खा हिवाळा लिहून काढ. हे जमल्याशिवाय नॉडीच्या मागे लागू नये.

माझ्या वहीत 'अनोळखी सुरय', म्हणजे न ओळखता आलेला टर्न, अशा नोंदी पुष्कळ आहेत. यादी वाढवायला घाबरतो, असं लोक म्हणतात. म्हणोत. खोल समुद्रातले हे पक्षी आपल्याला दिसतात ते बहुतेक पावसाळी वाऱ्याने किनाऱ्याला लागले तरच. इतक्या थोड्या नोंदींत एक चुकीचं नाव घुसलं की पुढचे सगळे त्यावरच इमले बांधतात. या हट्टापायी बरोबर फिरणारी काही माणसं दुरावली, त्याचं वाईट वाटतं. तरी हट्ट सोडणार नाही. आधी नोंद.

थकून धक्क्यावर बसलेला पक्षी सापडला तर त्याला पाण्यात ढकलू नकोस. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेव, वनविभागाला कळव. खोकं बंद करण्याआधी चोच आणि पायांचा रंग लिहून घे.

आणि त्या दिवशीचं जे आठवतंय ते आजच लिहून पाठव, ती तीन नावं पुन्हा न वाचता. शेपटीपासून सुरुवात कर.