मोरोक्कोची शबाकिया, म्हणजे तळून मधात बुडवलेली फुलाच्या आकाराची मिठाई, मधाऐवजी साखरेच्या पाकात चालेल का? आणि न तळता ओव्हनमध्ये?

ओव्हनमध्ये नाही. भाजलेली शबाकिया मध पीतच नाही, वरून चिकट आणि आतून कोरडी राहते. विषय संपला.

पाकाचा प्रश्न येतो तो 'मोरोक्कन जिलबी' या नावामुळे, आणि त्या नावाचा मला मनस्वी राग आहे. जिलबी आंबवलेल्या पिठाची, आतून पोकळ. पाक क्षणात आत शिरतो. शबाकिया ही घट्ट मळून लाटलेली, तीळ-बदामाने खुसखुशीत झालेली वस्तू. नात्याने ती चिरोट्याच्या जवळची. 'शबका' म्हणजे जाळी. काही भागांत हिलाच मखर्का म्हणतात. रमजानात रोजा सोडताना तिखट-आंबट हरीरा सुपाबरोबर ही हवीच, म्हणून रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यातच घरोघरी डबे भरून ठेवतात.

अर्धा किलो मैद्याला सव्वाशे ग्रॅम तीळ भाजून, पूड तेलकट होईपर्यंत दळून. पन्नास ग्रॅम बदामपूड, दालचिनी आणि अनीस एकेक चहाचा चमचा. अनीस म्हणजे बडीशेपेसारखीच, पण बारीक दाण्याची. नसेल तर बडीशेप घ्या, चक्रीफूल नको. रुमी मस्तकीचे (हा एक सुगंधी डिंक) दोन-तीन खडे चिमूटभर साखरेबरोबर कुटा, नुसते कुटले तर खलाला चिकटतात. केशर, मीठ, चिमूटभर हळद. मोहन 60 ग्रॅम वितळलेलं लोणी आणि 60 मिली ऑलिव्ह तेल. एक अंडं, दोन मोठे चमचे व्हिनेगर, 60 मिली 'मा झहर', म्हणजे कडू संत्र्याच्या फुलांचं पाणी. त्याच्या जागी ऑरेंज इसेन्स घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. अर्धा चमचा यीस्ट थोड्या कोमट पाण्यात. पुरीपेक्षा घट्ट पीठ दहा मिनिटं मळा, चार गोळे करा, पंधरा मिनिटं झाकून ठेवा.

लाटताना पिठी लावू नका, ती तेलात जळून तळाशी काळी बसते. दोन-तीन मिलिमीटर जाड पोळी, कातण्याने साधारण 10 बाय 8 सेंटिमीटरचे आयत. प्रत्येकात चार समांतर चिरा, पण टोकांना सेंटिमीटरभर न कापता सोडायचं; पाच पट्ट्या होतात. एकाआड एक पट्टी मधल्या बोटावर घ्या, बोटाच्या टोकाशी लोंबणारे दोन कोपरे चिमटीत दाबा, बोट सोडवता सोडवता तुकडा उलटा करा, मग दुसऱ्या बाजूचे कोपरे दाबा. तेलात फूल उलगडलं, तर पीठ वाळलं होतं किंवा चिमटा कच्चा होता. लाटायचा तेवढाच गोळा बाहेर, बाकीचे ओल्या फडक्याखाली.

मध्यम आचेवर एक घाणा आठ-दहा मिनिटं, गडद तांबूस होईपर्यंत. घाईने तळलेली शबाकिया दुसऱ्या दिवशी मऊ पडते आणि दोष मधाला जातो.

आता मध. एवढ्या पिठाला सव्वा ते दीड किलो लागतो (उरलेला पुढच्या वेळी चालतो). फेस येईपर्यंत गरम करून आच बंद करा. उकळत ठेवलात तर त्याची चिक्की होईल. झाऱ्याने निथळलेली शबाकिया तेलातून थेट मधात टाका, पुढचा घाणा तळून होईस्तोवर बुडवून ठेवा. ती निवत जाते तसा मध आत ओढला जातो. आधीच गार झालेली मध ओढत नाही. मग चाळणीत काढा, ओली असतानाच भाजलेले तीळ पेरा.

पाकाची अडचण साधी आहे. एकतारी पाकातलं पाणी खुसखुशीतपणा मारतं, त्याहून पक्का पाक थंड होताच पांढरी साखर धरतो. मधातलं फ्रुक्टोज तसं होऊ देत नाही, म्हणून चकाकी आठवडे टिकते.

हो, मध महाग पडतो. मोरोक्कोतही स्वस्त मालात पाकच असतो. अगदीच परवडत नसेल तर अर्धा मध आणि अर्धा, लिंबू पिळून एकतारीच्या किंचित पुढे नेलेला पाक घ्या. पण ती आठवड्यात संपवा. निव्वळ मधातली असेल तर पूर्ण गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून ठेवा. फ्रिजमध्ये नको.