तीर्थनसाठी वेडर्स घेताना कापडाआधी माप पाहा

ऑक्टोबरमध्ये हिमाचल प्रदेशातल्या तीर्थन नदीच्या खोऱ्यात ट्राउट माशांसाठी जायचे आहे, 12,000 रुपयांपर्यंत ब्रीदेबल वेडर्स (पाण्यात उभे राहून गळ टाकण्यासाठीचा, पावलांपासून छातीपर्यंतचा जलरोधक पण घामाचे बाष्प बाहेर सोडणारा पोशाख) कोणते घ्यावेत आणि तेच पुढे वसईच्या खाडीत चालतील का, हा आपला प्रश्न वाचला आणि बोरिवलीच्या घरी रात्र-रात्र मापांचे तक्ते चाळणारा मीच मला आठवलो. मासेमारीचा परवाना आणि नोव्हेंबरपासूनची ट्राउट पकडण्यावरची बंदी आपणास ठाऊक असणारच. मी विक्रेता नाही. तीन जोड्या वापरून जे कळले तेवढेच लिहितो.

माझी चूक अशी की मी सारे लक्ष कापडाच्या आकड्यांवर दिले. ते किती मिलिमीटर पाण्याचा दाब सोसते, 24 तासांत किती ग्रॅम बाष्प बाहेर सोडते, याची तुलना करण्यात आठवडा घालवला आणि माप मात्र रोजच्या पँटवरून, कंबर आणि उंची पाहून ठरवले. वेडर्समध्ये खरे महत्त्व असते ते जांघेपासून तळव्यापर्यंतच्या आतल्या लांबीला, पोटाच्या घेराला आणि पावलाला. माझी जोडी आतल्या लांबीत दोन बोटे कमी होती. घरच्या फरशीवर ती उत्तम बसली. पण तीर्थनच्या पात्रात दर चार पावलांवर गुडघ्याएवढा धोंडा ओलांडावा लागतो आणि प्रत्येक वेळी सगळा ताण जांघेच्या शिवणीवर येत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथली, शिवणीतून पाणी येऊ न देणारी आतली पट्टी सुटली आणि डोंगरातले गार पाणी मांडीवरून थेट मोज्यांत उतरले. त्यातच वेडर्सला जोडलेले निओप्रीनचे (जाड रबरी फोमचे) पायमोजे एक नंबर मोठे होते. बुटात त्यांना घडी पडायची आणि ती घासून टाचेजवळ दुसरी गळती सुरू झाली. सहा दिवसांपैकी चार दिवस मी काठावरूनच गळ टाकला.

जोडी परदेशातून मागवलेली होती. विक्रेत्याने वापरलेला माल म्हणून हात वर केले, आणि भरलेले आयात शुल्क तरी परत मिळेल या आशेने ज्या कार्यालयात गेलो, त्याचे नाव घेत नाही, तिथे तीन खेपांत तीन निरनिराळे अर्ज भरून घेतले गेले. चौथ्या खेपेस पहिलाच अर्ज पुन्हा मागितला, तेव्हा मी नाद सोडला. म्हणून माझे मत असे की हजार-दीड हजार जास्त गेले तरी चालतील, पण माप बदलून देणारा देशातलाच विक्रेता शोधावा. या किमतीत छातीवरची झिप आणि हात ऊबदार ठेवणारे खिसे सोडून द्यावेत आणि गुडघ्याखाली कापडाचा जादा थर आहे का, एवढे पाहावे.

जोडी घरी आली की आत थर्मल पायजमा आणि जाड लोकरी मोजे घालून उकिडवे बसा, मग एक पाय खुर्चीवर ठेवा. जांघेत ओढ जाणवली तर तशीच परत करा. ब्रीदेबल कापडाला स्वतःची ऊब नसते, त्यामुळे हे आतले कपडे तिथे लागणारच. जीन्स मात्र घालू नये. कमरेचा पट्टाही नेहमी आवळलेला असावा, कारण पाय घसरून पडल्यास आत शिरणारे पाणी तोच रोखून धरतो.

खाडीबद्दल थोडे परखडपणे सांगतो, पटले नाही तर सोडून द्यावे. घामाचे बाष्प बाहेर जाते ते आतली हवा उष्ण-दमट आणि बाहेरची थंड-कोरडी असते म्हणून. मुंबईच्या दमट हवेत आणि कोमट पाण्यात हा फरक फार थोडा उरतो, आणि आपण महागडे कापड घालून घामानेच भिजतो. शिवाय खडकांना चिकटलेली कालवे, म्हणजे धारदार शिंपले, एका घासण्यात कापड फाडतात, शिंगाळा माशाचा काटा वेगळाच. ओहोटीला खाडीत उतरायचे तर जुनी पँट आणि जाड तळव्याचे बूट पुरेत.

परतल्यावर वेडर्स उलटे करून पंख्याखाली पूर्ण सुकवा आणि मगच माळ्यावर टाका. वरचे तोंड गुंडाळून आत हवा कोंडली आणि शिवणींवर साबणाचे पाणी लावले, तर बारीक छिद्र बुडबुड्यांनी दिसते. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर आपण असेच शोधत होतो. माझी दुसरी जोडी पावसाळ्यात ओलसर घडीतच माळ्यावर राहिली आणि दसऱ्याला काढली तेव्हा बुरशीबरोबर शिवणींच्या पट्ट्याही हातात आल्या.