स्कॉटलंडच्या डोंगरात पाहुणा म्हणून हरणाच्या शिकारीला जाताय?

बोलावणं सप्टेंबरअखेरीचं असेल तर उत्तम. तेव्हा रेड डियरचे नर माजावर येतात, डोंगरभर त्यांचं डुरकणं ऐकू येतं.

स्वतःची रायफल न्यायच्या भानगडीत पडू नका. त्यासाठी परदेशी पाहुण्याला ब्रिटिश पोलिसांचा व्हिजिटर परवाना लागतो. इस्टेटची (जिथे शिकारीला जाताय त्या खासगी जमिनीच्या मालकांची) रायफल स्टॉकरच्या, म्हणजे तिथल्या वाटाड्या शिकाऱ्याच्या, देखत वापरता येते. निघण्याआधी तो तुम्हाला निशाणावर गोळ्या झाडायला लावेल. रायफल तपासायचं निमित्त. खरं तर तो तुम्हालाच तपासत असतो! म्हणून क्लबवर टेबलाशी बसून नव्हे, पालथं पडून, सॅकवर रायफल टेकवून सराव करा.

डोंगरात सगळा खेळ वाऱ्याचा. वास लागला की अख्खा कळप पसार. त्यामुळे समोर दिसणाऱ्या हरणासाठी स्टॉकर तासभराचा वळसा घालेल, चिखलातून सरपटायला लावेल. कुरकुर न करता त्याच्या मागोमाग चला. सळसळणारा प्लॅस्टिकचा रेनकोट नको, मळखाऊ रंगाची लोकर बरी.

कुठला नर टिपायचा हे तोच ठरवतो, बहुधा म्हातारा किंवा अशक्त. मोठ्या शिंगांचा हट्ट धरू नका. तिथे लांडगे उरले नाहीत, हरणं वाढली की रोपटी खाऊन टाकतात. म्हणून ही निवड. जनावर आडवं उभं राहीपर्यंत थांबा, पुढच्या पायामागे छातीवर नेम धरा. खात्री नसेल तर सरळ नाही म्हणा, स्टॉकरला त्याचा राग येत नाही.

मांस सहसा इस्टेटचं. रविवारी शिकार नसते. संध्याकाळी अंगावर गोचिडी मात्र नीट शोधा, लाइम रोग त्यातूनच होतो.